उजव्या खिशातली काडतुसे

मित्रांनो, सरळ बसा आणि हात मांडीवर ठेवा. माझ्याकडे कोणी बोट दाखवलेले मला खपत नाही. मी एक दुनळी बंदूक आहे, वयाने तुमच्या पणजीच्या बरोबरीची. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट जॉन नदीच्या काठी, दैग्ल कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, दारावरच्या दोन खुंट्यांवर माझा मुक्काम आहे.

ज्या कारागिराने मला घडवले तो माझ्या नळ्या खिडकीकडे रोखून आत पाहत असे. आतला उजेडाचा गोल जरासा वाकडा दिसला तरी तो नळी पुन्हा ठोकायला घेई. अकरा वेळा त्याने मला परत ठोकले. म्हणून आजही मी जिथे पाहते तिथेच मारते. हा गर्व नव्हे. हे त्या माणसाचे श्रेय आहे.

लेओंतीन लग्न होऊन दैग्लांच्या घरी आली तेव्हा तिच्या वडिलांनी तिच्याबरोबर दोन दुलया, एक बिडाचा तवा आणि मला पाठवले. तिने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. घरात बंदूक भरलेली राहणार नाही. काडतुसे दाराशी टांगलेल्या लोकरी कोटात राहतील. उजव्या खिशात अस्वलासाठी एकाच जड गोळीची, डाव्या खिशात रानतित्तरांसाठी बारीक छर्ऱ्यांची. आणि जेवणाच्या टेबलावर बंदुकीचा विषय निघणार नाही. तिच्या धाकट्या भावाने एकदा बढाया मारत टेबलावरच बंदूक पुसायला घेतली होती आणि सूपाच्या भांड्यासकट छताला भोक पाडले होते. चाळीस वर्षे हे नियम कोणी मोडले नाहीत.

एका शरदात रानातल्या बीच नावाच्या झाडांना बिया धरल्या नाहीत आणि उपाशी काळी अस्वले वस्तीकडे उतरू लागली. तेव्हा लेओंतीनचा नवरा ओनेझिम आपल्या रायफलीसाठी नवी काडतुसे घेऊन आला.

"म्हातारे, ही गोळी बघ. हलकी आहे, पण वाऱ्यासारखी सुटते. अस्वल काय, रेल्वेचं इंजिन थांबवील!"

"इंजिन कधी शिरलंय हो आपल्या बागेत? अस्वलं शिरतात. उद्या सकाळी चला बाहेर, दाखवते."

तिने जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर टबात भिजत घातले होते. ते तिने एकामागे एक रचले. ओनेझिमची हलकी गोळी पहिल्याच गठ्ठ्यात फुटून तिचे तुकडे झाले. कोल्ह्यासाठी ती ठीक होती. त्याच रायफलीची जुनी, जड, मऊ टोकाची गोळी मात्र चौथ्या गठ्ठ्यापर्यंत पोचली. मग माझी पाळी आली. दहा पावलांवरून बारीक छर्ऱ्यांनी फक्त वरचा कागद सोलला. हरणासाठीचे मोठे छर्रे अर्ध्यात अडकले. आणि एकाच जड शिशाच्या गोळीने सगळे गठ्ठे भेदून मागच्या खांबात घर केले.

"बघितलंत?" लेओंतीन म्हणाली. "दाट केस, जाड कातडं, चार बोटं चरबी, त्याखाली खांद्याचं हाड. नुसती वेगानं सुटून भागत नाही, आत पोचायला लागते."

"म्हणजे माझ्यासारखी. जड आणि हळू."

"तुम्ही पोचता हो, पण चुलीवरच्या पातेल्यापर्यंतच."

सून एदमे कुंपणापाशी उभी राहून पोट धरून हसली. ही एदमे डावखुरी. चमचा डाव्या हातात, सुई डाव्या हातात. सासूबाईंच्या डोळ्यांत ते कायम खुपत असे. पण मला ती डाव्या खांद्याला लावी तेव्हा तिची पकड स्थिर असे, हे मी मान्य केलेच पाहिजे.

त्याच आठवड्यात एदमे मला घेऊन तित्तरांच्या मागे गेली. रानात पाऊल टाकण्यापूर्वी ती थांबली आणि तिने विचार केला. अस्वल समोर आले तर चटकन जाणारा हात कोणता? डावा. म्हणून तिने जड गोळ्यांची काडतुसे डाव्या खिशात घातली आणि छर्ऱ्यांची उजव्या. मित्रांनो, हा निष्काळजीपणा नव्हता, हा शहाणपणा होता. परतल्यावर तिने कोट टांगला, तोवर सगळे जेवायला बसले होते. कुट्टूच्या पिठाचे, धिरड्यासारखे गरम प्लोय ताटात पडले.

"आई, कोटातली काडतुसं मी जरा..."

"टेबलावर नाही, एदमे."

"पण दोनच शब्द..."

"एकही नाही."

जेवण संपते तोच गाय व्यायला बसली. सगळी धावपळ गोठ्यात झाली, पुढचे दोन दिवस वासरापायी गेले, आणि ते अर्धे वाक्य टेबलावरच राहिले. मी दारावरून सगळे ऐकत होते. मला जीभ नाही, याचे दुःख मला त्या दिवसापूर्वी कधी झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओनेझिम आणि त्याचा मुलगा फिर्मिन, म्हणजे एदमेचा नवरा, रायफल घेऊन लाकूडतोडीला गेले. एदमे बागेत शिडीवर चढून शेवटची सफरचंदे काढत होती. अचानक कुत्रा भुंकण्याऐवजी विव्हळू लागला. लेओंतीनने कणकेचे हात पुसले आणि खिडकीतून पाहिले. शिडीच्या पायथ्याशी एक थोराड नर अस्वल उभे होते.

एदमे ओरडत होती, सफरचंदे फेकून मारत होती. एरवी काळे अस्वल माणसाच्या आरडाओरड्याने पळते. हे हलले नाही. त्याने दात वाजवले आणि पुढचा पंजा शिडीवर ठेवला. वरची फांदी मनगटाएवढी होती. तिथून पुढे जायला जागा नव्हती.

लेओंतीनने कोट खांद्यावर ओढला, मला खाली घेतले आणि ती बाहेर पडली. चालता चालताच तिने मला उघडले, उजव्या खिशात हात घातला आणि दोन काडतुसे न बघता माझ्यात सरकवली. चाळीस वर्षांत तिला बघावे लागले नव्हते.

मी मात्र ओळखले. माझ्या पोटात शेकडो बारीक दाणे होते, पानावरच्या पाखरासाठी. त्या अंगाची ते फक्त आग आग करणार होते, अस्वलाला थांबवणार नव्हते. तिने मला मिटले. ती बाजूला सरकत गेली, म्हणजे नेम धरताना सून रेषेत येणार नाही. शिडी सोडून अस्वल तिच्याकडे वळले. आमच्यात वीस पावले असतील.

"हो मागे!" ती गरजली. "हो मागे, मेल्या!"

अस्वलाने कान मागे पाडले. डोके खाली घातले. तिचे बोट चापावर आले.

"आई, डावा!" वरून एदमे किंचाळली. "डावा खिसा! उजव्यात तित्तरांची आहेत!"

लेओंतीनला मध्येच थांबवण्याची छाती त्या घरात कोणाची नव्हती. एक श्वास ती तशीच उभी राहिली. अस्वल निघाले. मग तिने मला उघडून उलटे केले; लाल काडतुसे गवतात पडली. डाव्या खिशातला हात बाहेर आला तेव्हा त्यात एकच काडतूस होते. दुसऱ्यासाठी वेळ नव्हता. मी मिटले गेले तेव्हा अंतर दहा पावले होते. सात पावलांवर मी बोलले.

गोळी खांद्याचे हाड फोडून आत पोचली. अस्वल तोंडावर पडले आणि तिच्या बुटापासून तीन पावलांवर थांबले. माझी दुसरी नळी रिकामीच होती.

एदमे शिडीवरून उतरून आली. लेओंतीनने गवतातले एक लाल काडतूस उचलून तळहातावर ठेवले आणि त्यावरचे अक्षर न् अक्षर वाचले.

"परवा जेवताना तू हेच सांगत होतीस?"

"हो, आई."

"आणि मी तुला गप्प बसवलं."

एदमेने दुसरे लाल काडतूस उचलून तिच्या हातात दिले.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. ओनेझिमने सवयीने आपले ताट पुढे केले. लेओंतीनने पहिला प्लोय सुनेच्या ताटात वाढला, चमचा तिच्या डाव्या हाताशी ठेवला आणि म्हणाली, "बोल, एदमे. पहिल्यापासून सांग. कोणी मध्ये बोलणार नाही. मीसुद्धा नाही."

त्याच रात्री तिने कोटाचा एक खिसा शिवून टाकला. उरलेल्या खिशात फक्त जड गोळ्या राहिल्या. तित्तरांसाठी वेगळा कोट आला, तोही दुसऱ्या खोलीत. आणि जो मला भरेल त्याने काडतूस डोळ्यांसमोर धरून, त्यावरचे मोठ्याने वाचून मगच आत घालायचे, असा नियम झाला. नियम मोडला म्हणून तिने ओनेझिमला एकदा उपाशी झोपवले होते.

पुढे काही वर्षांनी लेओंतीन वारली. त्यानंतर दोन हिवाळे मला कोणी तेल लावले नाही. नळीवर गंजाचे ठिपके आले, ते अजून आहेत. मग एदमेने मला खाली काढले. आता तीही म्हातारी झाली आहे. दर रविवारी ती मला डाव्या मांडीवर घेऊन पुसते आणि खिडकीकडे धरून नळीतला उजेडाचा गोल पाहते.

मित्रांनो, माझी एवढीच आज्ञा समजा. तुमच्या हाती जे हत्यार येईल त्याच्या पोटात काय आहे ते डोळ्यांनी पाहा. सवयीवर विसंबू नका. आणि तुमच्या टेबलावर कोणी "दोनच शब्द" म्हणाले, तर हातातला घास खाली ठेवा आणि ते दोन शब्द ऐकून घ्या.