चौथी मागणी

"काकू, जरा पुढे सरका. आणि हात दिसू द्यात, हात!" फोटो काढणारी मुलगी म्हणाली.

ओकबुनने संकोचून हात टेबलावर ठेवले. चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या उकरून उकरून बोटं वाकडी झालेली, नखांत काळी रेघ. सोलच्या त्या अवाढव्य सभागृहात देशोदेशीची सरकारं बसली होती. पृथ्वी टिकायची तर काय करायला हवं, याच्या चार मागण्या पर्यावरणवाल्यांनी त्यांच्यापुढे ठेवल्या होत्या. पहिल्या तीन धुराच्या, जंगलांच्या, गरीब देशांना द्यायच्या मदतीच्या. चौथी ओकबुनला पाठ होती. किनारे बुजवणारे बांध थांबवा, काम सुरू असलेलेसुद्धा. ती मागणी तिच्याच स्वयंपाकघरात जन्मली होती.

पर्यावरणवाल्यांचा पुढारी ह्यॉनु तिच्या गावात, हेमुरीत, पहिल्यांदा आला तोच मुळी चिखलात कमरेपर्यंत रुतला. ओकबुनने त्याला ओढून काढला, कालवांचं गरम सूप पाजलं. मग त्याची संघटना उभी राहीपर्यंत तो तिच्याच घरी जेवला, तिच्या मेलेल्या नवऱ्याचे गमबूट घालून किनाराभर हिंडला. बांधवाले भरपाईचे कागद घेऊन आले, तेव्हा अर्ध्या गावाने संमतीचे शिक्के मारले. ओकबुनने मारला नाही, आणि शेजारच्या बायकांनाही मारू दिला नाही. "आपला ह्यॉनु जगापुढे बोलणार आहे," ती म्हणायची.

संध्याकाळी अध्यक्षांनी इंग्रजीत काहीतरी जाहीर केलं आणि सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. ओकबुननेही वाजवल्या.

"काय झालं गं?" तिने त्या मुलीला विचारलं.

"जिंकलो, काकू! यापुढे नवे बांध बंद!"

"आणि चालू आहेत ते?"

मुलगी घुटमळली. "ते... पुरे करायला परवानगी आहे."

बाहेर ह्यॉनुभोवती माणसांचा गराडा होता. ओकबुन वाट काढत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आमचा बांध, ह्यॉनु?"

"काकू, इथे नको..."

"इथेच सांग."

"चौथीतले चालू बांध सोडले तरच आपलं सरकार सही करणार होतं." त्याने आवाज खाली आणला. "नाहीतर चारही गेल्या असत्या. जगभरचे किती किनारे वाचले आज, कल्पना आहे तुम्हाला?"

"कधी ठरलं हे?"

तो बुटांकडे बघत राहिला. "परवा."

"म्हणजे सकाळी मी तिथे हात मांडून बसले, तेव्हा ठरलेलं होतं."

"तुमचे हात बघूनच तर लोकांना पाझर फुटला, काकू."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

"विचारायचं तरी होतंस रे. कोण जाणे, मीच म्हणाले असते, सोड." तिने प्रवेशाचं गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. "जा, जेवून घ्या साहेब. तुमची माणसं खोळंबलीत."

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ह्यॉनुचा चेहरा पडला.

गावी परतल्यावर तिने बायकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"तुझ्या शब्दाखातर शिक्का मारला नाही मी," शेजारची माल्सुन म्हणाली. "आता भरपाईही गेली नि समुद्रही."

"हो. माझ्याच शब्दाखातर," ओकबुन म्हणाली. ह्यॉनुचं नाव तिने घेतलं नाही. त्यानंतर माल्सुन तिच्याशी बोलेनाशी झाली.

बांधाचं शेवटचं तोंड बुजलं. भरती यायची थांबली. चिखल सुकून भेगाळला.

मग एका दुपारी धो धो पाऊस कोसळला. कोणीतरी ओरडलं, आणि बायका किनाऱ्याकडे धावल्या. पाणी आलं, म्हणजे भरतीच आली असं समजून तिसऱ्या वर आल्या होत्या. नजर पोहोचेल तिथवर शिंपाच शिंपा, तोंडं उघडलेल्या. वरून पडत होतं ते गोडं पाणी, त्यात त्या जगणार नव्हत्या.

माल्सुन टोपली घेऊन आली होती. ओकबुन गुडघ्यांवर बसून एकेक तिसरी उचलत होती आणि बोटाने भोक पाडून परत चिखलात दाबत होती.

"उपयोग नाही त्याचा," माल्सुन म्हणाली. "ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

माल्सुन टोपली पालथी घालून ओकबुनच्या शेजारी चिखलात बसली.