डावीकडे ओढणारा

मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. या घरची आई मला अजूनही ‘रिमोट’ म्हणते. मी रिमोट नाही, हे तिला कितीदा सांगून झालं असेल! पण ती ऐकून घेते आणि पुन्हा रिमोटच म्हणते. आता मीही नाद सोडला आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझी सगळी बटणं दाबून बघायची. अंगठ्याने फिरवायच्या माझ्या दोन्ही दांड्या, म्हणजे स्टिक, तिने गोल गोल फिरवल्या, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. तेव्हा मी असा काळाभोर होतो की माझ्यात तोंड पाहून घ्यावं. खेळाच्या मशीनबरोबर मी या घरात आलो तेव्हा बब्बड शाळेत होती. बब्बड म्हणजे या घरची एकुलती एक मुलगी. आज ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, गिऱ्हाइकांना ऐटीत फ्रेमी दाखवते, पण घरात तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

काय दिवस होते ते! बब्बड आणि तिचा मामेभाऊ सुट्टीभर माझ्यासाठी भांडायचे. बिस्किटाचा चुरा माझ्या फटींत जायचा, घामाने मी ओला व्हायचो, हरलं की सोफ्यावर आपटलाही जायचो. पण जिंकल्यावर बब्बड माझा मुका घ्यायची. सगळ्या अपमानांची भरपाई तेवढ्यात व्हायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती दोघं बसून त्या वर्षीचे आपले लाडके खेळ ठरवायची. त्यावरूनही भांडणं व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे. मामेभाऊ पुढे दुसऱ्या गावी गेला, तरी हा कार्यक्रम फोनवर चालूच राहिला.

पुढे व्हायचं तेच झालं. माझी डावी स्टिक वर्षानुवर्षं फिरून फिरून सैल पडली. कुणी हात लावला नाही तरी ती आपली डावीकडे ओढायची. खेळातला माणूस उभ्या उभ्या डावीकडे चालू लागायचा आणि थेट विहिरीत. मग एक निळा कंट्रोलर आला. नवा, कडक, ताठ मानेचा. मला ‘पाहुण्यांचा’ म्हणू लागले. पाहुणे हरले की दोष माझ्यावर ढकलायचे, आणि खरं सांगतो, दोष माझाच असायचा. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात गेलो, सुतळी आणि जुन्या चाव्यांच्या सोबतीला. कुणी माझ्या पोटातल्या बॅटऱ्यासुद्धा काढल्या नाहीत. त्या आतल्या आत पाझरल्या. फार वाईट वाटायचं हो. पण खणात कोण ऐकणार?

मी खणात असताना घरावर संकट आलं. बब्बडचे बाबा शहराच्या बसवर ड्रायव्हर. सगळं आयुष्य चाकावर गेलेलं. एके दिवशी आंघोळ करून बाहेर आले आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून परत आले ते काठी टेकत. पाय हळूहळू सुधारला, पण डावा हात काही ऐकेना. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत टीव्हीसमोर आणला. हाताला वळण लावायला एक बाई येऊ लागल्या. घरात त्यांना सगळे व्यायामवाल्या बाई म्हणत. बाबांच्या डोक्यात एकच होतं, वर्षअखेरी डेपोच्या डॉक्टरांची तपासणी आहे, ती पास व्हायची आणि पुन्हा बसवर चढायचं. त्यासाठी ते रोज स्पंजचा चेंडू दाबायचे, दात-ओठ खाऊन.

आणि मग माझ्यामुळे घोटाळा झाला. बब्बड आणि आई स्वयंपाकघरातला खण आवरत होत्या. बब्बडने मला बाहेर काढलं आणि म्हणाली, “आई, हा आता कामातून गेलाय गं. डावी बाजू तर अजिबात ऐकत नाही याची.”

आई म्हणाली, “मग काय करायचं? नुसता जागा अडवून बसलाय.”

“देऊन टाकू या कुणाला तरी.”

“फुकट दिला तरी कोण घेणार याला? भंगारवाल्याला दे.”

दोघी हसल्या. मला भंगाराच्या पिशवीत टाकलं. आणि मधलं दार सताड उघडं होतं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायामवाल्या बाई आल्या तर बाबांनी हात पांघरुणाखालून काढलाच नाही. चेंडू कोपऱ्यात भिरकावलेला. चहा तसाच निवाला. आईने विचारून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी स्वतःच रडकुंडीला आली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी बब्बड दुकानातून आली आणि पलंगावर बसली.

“बाबा, काय झालंय? बोला ना. बरं वाटत नाहीये का?”

बाबा म्हणाले, “मला कुठेतरी नेऊन ठेवा. जागा तरी मोकळी होईल तुमची.”

“असं काय बोलताय?”

“कामातून गेलोय ना मी? फुकटसुद्धा कोणी घेणार नाही. भंगारवाल्याला विचारलंत का?”

बब्बडचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती उठली, धावत आत आली, पिशवी उपडी केली आणि मला घेऊन परत धावली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

“हा! बाबा, याच्याबद्दल बोलत होतो आम्ही! हा बघा, हा मेला! अहो, तुमच्याबद्दल असं बोलू का आम्ही?”

आई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. “जीभ झडो माझी,” एवढंच ती म्हणाली.

बाबांनी मला उजव्या हातात घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. अंगावर धूळ, पोटात बॅटरीचा हिरवा डाग, अवतार काय विचारू नका.

“याची डावी बाजू ऐकत नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग आमचं दोघांचं जमेल,” बाबा म्हणाले.

मित्रांनो, त्या शब्दांनी मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. आईने स्वतः कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस लावून माझं पोट साफ केलं. मला रिमोट म्हणणारी ती, पण हात किती हळू लावत होती! नव्या बॅटऱ्या घातल्या आणि माझा दिवा लागला. बब्बडने आधी बाबांना निळा देऊन पाहिला होता. त्याची स्टिक इतकी कडक, की बाबांच्या अंगठ्याला ती हलेचना. माझी मात्र नुसता अंगठा टेकवला तरी वळायची. ज्या सैलपणापायी मला हाकललं होतं, तोच कामी आला.

व्यायामवाल्या बाई तर खूश झाल्या. म्हणाल्या, “हा तुम्हाला डावीकडे ओढतो ना? तुम्ही त्याला उजवीकडे धरून ठेवायचं. जाऊ द्यायचा नाही. चेंडूपेक्षा हे बरं.”

झालं. त्या दिवसापासून मी ओढायचो आणि बाबा धरून ठेवायचे. मीसुद्धा मुद्दाम जास्त ओढत होतो असं नाही हं, माझा स्वभावच तो. बब्बडने त्यांना एकेक खेळ दाखवला. विटा रचायचा खेळ त्यांना आवडला नाही. “एवढी घाई कसली, कुणाचं घर पडतंय का?” म्हणाले. बेडकाने पानांवरून उड्या मारत तळं ओलांडायचा खेळ जमेना, कारण त्यांचा बेडूक माझ्यापायी सारखा डावीकडच्या पाण्यात. बेडकाला त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे सांगणार नाही. मासे पकडायचा खेळ मात्र रंगला, तोही आईमुळे. ती भाजी निवडत बाजूला बसायची आणि ऐन वेळी ओरडायची, “ओढा! अहो ओढा ना आता! गेला! घालवलात!” मासा सुटला की ती बाबांशी अबोला धरायची.

मग बब्बडने गाड्यांची शर्यत लावली. “बाबा, हा तुमचाच खेळ,” म्हणाली. शिट्टी वाजली, बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या, आणि बाबा पहिल्याच चौकात लाल दिव्याला थांबले.

“बाबा! शर्यतीत सिग्नल कोण पाळतं?”

“गाडी ती गाडी,” बाबा म्हणाले.

पुढे रस्त्याच्या कडेला चित्रातला एक बसथांबा होता. तिथे चित्रातली माणसं हात हलवत उभी. ती खरं म्हणजे शर्यत बघायला आलेली. बाबांनी इशाऱ्याचा दिवा शोधला, तो सापडला नाही म्हणून चुकचुकले, गाडी सावकाश कडेला घेतली आणि उभी केली. उभी ती उभीच.

“आता काय झालं? चला ना!”

“कसा चलू? बेल कुठे वाजली?”

बब्बडने कपाळावर हात मारला. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बाबांच्या बसमध्ये कंडक्टर दोरी ओढून घंटी वाजवायचा. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. आयुष्यभर बाबांनी दोन घंट्या ऐकल्याशिवाय गाडी हलवली नव्हती. कुणाचा पाय पायरीवर असेल, कुणाचं पोर खाली राहिलं असेल. आता टीव्हीतल्या गाडीला कुठला कंडक्टर? बाबा वाट बघत बसले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. टण टण! आईने ताटावर चमचा दोनदा वाजवला होता.

बाबांनी गाडी सोडली. आम्ही शेवटून पहिले आलो. आणि बाबा हसले. आजारपणानंतर ते असे खळखळून हसलेले बब्बडने पाहिले नव्हते. तिने गुपचूप डोळे पुसले.

मग ते रोजचंच झालं. प्रत्येक थांब्याला थांबायचं, आत टण टण वाजलं की निघायचं. आई कामात असली आणि घंटी उशिरा झाली की बाबा ओरडत, “अगं, प्रवासी खोळंबलेत!” हळूहळू अंगठा वळू लागला, मग बोटं. एकदा त्यांनी न सांगता डाव्या हाताने चहाचा कप उचलला. सगळ्यांनी ते पाहिलं.

वर्ष संपता संपता तपासणी झाली. डेपोच्या डॉक्टरांनी हात दाबून, वळवून पाहिला. म्हणाले, “घरच्या कामाला हात उत्तम झालाय. बसच्या चाकाला मात्र नाही देता येणार.” डेपोच्या साहेबांनी सांगितलं, नव्या ड्रायव्हरांना शिकवायला या. बाबा घरी आले आणि म्हणाले, “चाक नाही तर डेपोही नाही. मला कुणाची दया नको.” मला त्यांनी टीव्हीखाली ठेवलं आणि नंतर हात लावला नाही. हात पुन्हा पांघरुणाखाली गेला. मला खण आठवला. आत ठेवलेली वस्तू आतल्या आत कशी पाझरते, ते मला पक्कं माहीत होतं. त्यांचंही तसंच होईल या भीतीने माझा जीव अर्धा झाला.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी बाबांचे जुने कंडक्टर घरी आले. बब्बड त्यांना कंडक्टरकाका म्हणते. चहा झाला. बब्बडने फोनवर मामेभावाला घेतलं आणि ठरल्याप्रमाणे वर्षातले लाडके खेळ निघाले. मामेभावाने कुठल्यातरी राक्षसांच्या लढाईचं नाव घेतलं. बब्बडला बेडूक आवडला होता. आईला विचारलं तर म्हणाली, “मासेवाला. पण खेळणाऱ्याला अक्कल हवी.”

“आणि बाबा, तुमचा?”

बब्बडला लगेच वाटलं, उगीच विचारलं. पण बाबा म्हणाले, “शर्यत.”

फोनमधून मामेभाऊ हसला. “काका, एकदा तरी जिंकलात का?”

“नाही. रोज शेवटचा आलो.” बाबा माझ्याकडे बघत होते. “पण थांब्यावरचा एक माणूस मागे ठेवला नाही.”

कंडक्टरकाकांनी कप खाली ठेवला. “अरे, मग तुला डेपोत कशाला बोलावतायत असं वाटलं तुला? नवी पोरं घंटी व्हायच्या आधी गाडी हाणतात. परवा एक म्हातारी पायरीवरून पडता पडता वाचली. पळवायला सगळ्यांना येतं रे. थांबायचं त्यांना कोण सांगणार? मी सांगून थकलो. माझं ऐकतं कोण?”

बाबांनी मला टीव्हीखालून उचललं. बराच वेळ त्यांनी मला डाव्या हातात धरून ठेवलं, नुसतंच. मी नेहमीसारखा ओढत होतो, ते नेहमीसारखे सावरत होते.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी बाबा लवकर उठले. दोन्ही हातांनी बुटांच्या नाड्या बांधल्या. त्याला वेळ लागला, पण कुणाला पुढे येऊ दिलं नाही. शर्ट घातला, डबा घेतला, दारात जाऊन उभे राहिले. आणि उभेच राहिले.

बब्बड घाबरली. “बाबा, काय झालं? नको वाटतंय का? निघा ना.”

बाबा मागे न बघता म्हणाले, “कसा निघू? बेल कुठे वाजलीय?”

आत आईने चमचा उचलला.

टण टण!

बाबा निघाले.

मित्रांनो, मी आता टीव्हीखालीच असतो. संध्याकाळी बाबा डेपोतून येतात, नव्या पोरांच्या तक्रारी सांगतात आणि एक फेरी मारतात. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात कुठल्याशा खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल. आधी त्याच्या पोटातल्या बॅटऱ्या काढा, हे पहिलं. आणि कुणालाही कामातून गेला म्हणण्याआधी, मग ती वस्तू असो की माणूस, त्याला एकदा हातात धरून बघा. निदान एवढं तरी करा, की असं काही बोलायचंच असेल तर मधलं दार लावून घ्या.