भुकेपुढे हरलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या दवाखान्यात कामगारांची वजनं सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझा लाल काटा कधी खोटं बोलला नाही. म्हणूनच २००६ साली तिथे नवा काटा आला, तेव्हा तिथेच कामाला असलेल्या भगवानने मला भंगारात जाऊ दिलं नाही. रिक्षात मांडीवर घेऊन मोरिवलीला घरी आणलं.

घरात माझं काय कौतुक! भगवानचा छोटा सम्यक तर मांजराला कडेवर घेऊन माझ्यावर चढायचा. पण भगवानची बायको माया चढली की काटा ब्याऐंशीवर जायचा आणि सासूबाई, गयाबाई, खुदकन हसायच्या. धाकटी सून पायल पंचेचाळीस किलोची काडी.

पावसाळ्यातल्या पौर्णिमांना घरातल्या बायका उपोसथ, म्हणजे बौद्धांचा उपास, धरायच्या. दुपारी बाराच्या आत जेवायचं, मग दुसऱ्या सकाळपर्यंत अन्न नाही. पायलचा सहज पार पडायचा. मायाचा दोनदा संध्याकाळीच मोडला.

"एवढा साठा अंगावर, आणि भूक हिलाच!" गयाबाई म्हणाल्या. "काट्याला विचार, महिनाभर पुरेल."

मायाला एकदा तरी उपोसथ पुरा करून विहारात ताठ मानेने बसायचं होतं. पुढची पौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

तेवढ्यात सम्यकला पोलिओचा डोस द्यायला नर्स मीनलताई आल्या. त्यांनी टोमणा ऐकला.

"मावशी, चरबी म्हणजे नुसता साठा नाही हो. ती मेंदूला निरोप धाडते, लेप्टिनचा, की घरात भरपूर आहे. रिकामं पोट घ्रेलिन धाडतं, की जेवायला वाढा. उपास केला की हे निरोप बदलतात. किती बदलतात, ते अंगातल्या चरबीवरही असतं. जाड अंगात लेप्टिन भरपूर, पण मेंदू ते नीट ऐकतच नाही."

"म्हणजे आमचा भगवानच की! हाका मारा, टीव्हीच बघणार," गयाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीनलताई म्हणाल्या, "तसंच. म्हणून दोघींची भूक सारखी नाही. ती काट्यावर दिसत नाही."

मग पायल हळूच म्हणाली, "आई, मायाताई बाराच्या आधीही दोनच घास खातात. तुम्ही बघता ना, म्हणून."

गयाबाईंचं हसू मावळलं.

पौर्णिमेच्या दिवशी त्यांनी मला ओढत फळीखाली नेलं, माझ्यावर चढल्या आणि वरचं मोठं ताट काढलं. भाकरी, मटकीची उसळ, वरणभात मायाला वाढला. "पोटभर जेव, बाय. बाराला अजून वीस मिनिटं आहेत."

संध्याकाळी पांढऱ्या साडीतली माया विहारात बसली. दुसऱ्या सकाळी उठली तीच हसत. "आई, झाला पुरा!" खिरीची पहिली वाटी गयाबाईंनी तिच्या हातात दिली.

ताट काढायला गयाबाई माझ्यावर चढल्या तेव्हा माझा काटा कुठवर उडाला, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांनो, मला पुसून कोरडं ठेवा, वजन खुशाल विचारा. भूक मात्र ज्याची त्याला विचारा, तीही ताट वाढून.