हात लिहितो, डोळे वाचत नाहीत

एका संस्थेचा मोफत प्रौढ साक्षरता वर्ग तळमजल्यावरच्या एका ओलसर खोलीत भरायचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाई तिथे शिकवत होत्या. वर्गात एक रंगारी होता, दोन पहारेकरी होते आणि साठीला टेकलेली मावशी होती. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची.

वाचता यायला लागल्यावर मावशीने रस्त्यावर उच्छाद मांडला. दुकानांच्या पाट्या, तेलाच्या डब्यावरचा मजकूर, दिसेल ते मोठ्याने वाचायची. एकदा तिने ‘येथे थुंकू नये’ इतक्या खणखणीत आवाजात वाचलं की समोरच्या माणसाने तोंडातलं सगळं मुकाट्याने गिळून टाकलं. हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

मग ती वर्गाला यायची बंद झाली. काही दिवसांनी तिची मुलगी आली.

“आईला मेंदूचा झटका आला होता. आता बोलते, चालते, सगळं नीट. पण बाई, तुम्ही एकदा घरी याल का?”

मावशी पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “अक्षरं दिसतात हो मला, पण ओळखच देत नाहीत. रस्त्यात भेटून तोंड फिरवावं तशी करतात मेली.”

बाईंनी वर्गातलं पहिलंच पुस्तक काढलं. चित्रावरून अंदाज येऊ नये म्हणून मावशीने स्वतःच चित्र तळहाताने झाकलं आणि शब्दाकडे बघत राहिली. कपाळावर घाम आला, पण शब्द काही फुटेना.

काही सुचेना म्हणून बाईंनी पेन्सिल पुढे केली. “बरं, लिहून बघा. मनात येईल ते.”

मावशीने झरझर लिहिलं : ‘आज माझ्या बाई मला भेटायला आल्या.’ अक्षर वर्गात होतं तसंच, गोल आणि ठसठशीत. बाईंच्या जिवात जीव आला.

“वा! आता हेच वाचा.”

मावशीने कागद जवळ घेतला, लांब धरला. “कुणी लिहिलंय हे?”

“तुम्हीच. आत्ताच.”

ती हसली. बाई थट्टा करताहेत असं तिला वाटलं. मग तिने मुलीकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

मुलगी हळूच म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, हात शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत, मधला रस्ता खचलाय. भरून येईल की नाही, त्यांनाही सांगता येत नाही.”

बाई पेटून उठल्या. आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. खरखरीत कागदाची अक्षरं कापून आणली, मावशीच्या तळहातावर बोटाने गिरवून पाहिली. एखादं अक्षर तिला कळायचं, पण तिसरं येईपर्यंत पहिलं निसटून जायचं. बाईंनी आवाज चढवला नाही. घरी मात्र त्या नवऱ्यावर उगाच खेकसायच्या.

“तू शिक्षिका आहेस, वैद्य नाहीस,” तो एकदा म्हणाला. त्या कात्री घेऊन पुढचं अक्षर कापायला बसल्या.

एके दिवशी मावशीनेच पुस्तक मिटलं.

“पुरे आता, बाई. तुमचाही जीव जातो, माझाही. वर्गात नवीन माणसं आलीत ना? त्यांच्याकडे बघा.”

“असं कसं? आपण अजून...”

“अजून काय?”

बाईंनी पिशवी चाचपली. करून बघायचं असं काहीच उरलं नव्हतं. हट्ट धरावा तर तो कशाच्या जोरावर धरणार?

मावशीने उशाखालून एक कागद काढला. “एवढं बघून द्या. मी काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. पण तेच उतरलंय का, ते कसं कळणार?”

बाईंनी वाचलं. ‘नळाला सकाळी पाणी आलं नाही. लेक रागावली. मी तिच्यासाठी भाजी चिरून.’ पुढे ‘ठेवली’ असायला हवं होतं. ते नव्हतंच.

बाईंचा हात सवयीने पेनाकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागे आला. त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं, राहिलेला शब्दही वाचला.

“बरोबर आहे?” मावशीने विचारलं.

“अगदी बरोबर.”

मावशीने समाधानाने कागदाची घडी घातली. बाई चपला घालून बाहेर पडल्या आणि जिना उतरून वर्गाकडे निघाल्या.