आरशातला शेजारी

मित्रांनो, मी एक म्हातारा मासा आहे आणि आता पुरता वैतागलो आहे. साडेतीन वर्षांचं वय ऐकून हसू नका. आमच्यात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात. मी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. अंगावर निळी रेघ, तिच्याखाली लाल पट्टा.

माझा जन्म एका व्यापाऱ्याच्या हौदात झाला. तिथे आम्ही हजारोंनी होतो. माझ्या कुशीवर पाण्याची हालचाल ओळखणारी एक रेषा आहे. शेजारी वळला, की त्याने ढकललेलं पाणी तिथे लागतं आणि मीही वळतो. आम्ही काही शूर नाही. सगळे सोबत असतात म्हणून घास गिळवतो, सोबत असतात म्हणून झोप लागते. एवढी साधी गोष्ट, पण माणसांना सांगायची कशी? तोंड उघडलं की त्यांना वाटतं, भूक लागली!

मग आम्हा बाराजणांना चष्म्याच्या दुकानात आणलं. थांबलेली गिऱ्हाइकं आमचं कौतुक करायची, "किती शिस्तीत फिरतात!" चष्मेवाला माणूस वाईट नव्हता. पण काचेवरचा डाग त्याला बघवत नसे. एकदा टाकीला आतून शेवाळाची हिरवी झाक आली. त्याने भिंगं पुसायचं औषध फडक्यावर घेतलं आणि काच आतून लख्ख केली. संध्याकाळपर्यंत अकराजण उलटे तरंगत होते. मी कसा वाचलो, मला माहीत नाही.

"अहो, टाकी म्हणजे चष्मा वाटला का तुम्हाला?" त्याची बायको ओरडली. तो मान खाली घालून टाकी रिकामी करू लागला.

नवं पाणी आलं. मी मात्र कोपऱ्यातल्या झाडामागे जाऊन बसलो. माझा रंग उडाला. खाणं समोरून बुडत जायचं आणि मी बघत राहायचो. गिऱ्हाइकं काचेवर टकटक करायची. एक पोस्टमन म्हणाला, "याला नंबर लागलाय बहुतेक, चष्मा द्या." सगळे हसले. हसा! माझ्या दोन्ही कुशी रिकाम्या होत्या आणि यांना विनोद सुचत होते.

चष्मेवाल्याला मात्र माझी काळजी वाटली. मग त्याने काय करावं? गिऱ्हाइकांनी तोंड बघायचा आरसा उचलून टाकीला टेकवून ठेवला. "घे बाबा, तुला जोडीदार."

मी धावत गेलो, खोटं कशाला बोलू? समोर निळी रेघ, लाल पट्टा. मी वळलो, तोही वळला. पण माझ्या कुशीला काहीच लागलं नाही. दिवसभर मी त्याच्यापुढे घिरट्या घातल्या आणि दमून तळाला बसलो. असा शेजारी काय कामाचा, मित्रांनो?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आरशापुढे फिरू लागलो. "बघ, कसा खेळतोय," चष्मेवाला बायकोला म्हणाला.

बायको हातातलं काम ठेवून टाकीजवळ आली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "खेळत नाहीये तो, शोधतोय. मी गेल्यावर तुम्हाला दिवसभर आरशासमोर बसवलं, तर चालेल?"

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

पण त्याने आरसा काढला, भरदुपारी दुकान बंद केलं आणि पिशवीतून दहा मासे घेऊन आला.

"थांबा! लगेच ओतू नका," बायको म्हणाली. "पिशवी आधी पाण्यावर राहू द्या. त्यांना सवय होऊ दे."

ते दहाजण माझे जुने सोबती नाहीत. ते खाणं पाडतात, ढकलाढकली करतात, मधली जागा मला देत नाहीत. माझी चिडचिड होते. जुन्या अकरांपैकी एकाचीही सर त्यांना नाही.

म्हणून सांगतो, आम्हाला घरी न्यायचं असेल तर घोळक्याने न्या, नाहीतर दुकानातच राहू द्या. आणि आमच्या पाण्यात औषधाचं फडकं बुडवू नका.

पण ते दहाजण पिशवीतून पाण्यात उतरले, त्याच दिवशी दुकानाच्या दाराचा आवाज झाला आणि डावीकडचा एक नवखा दचकून वळला. पाणी माझ्या कुशीला लागलं. विचार करायच्या आत मी वळलो होतो.