शिवरंजनीचं रक्त

मी आकडा बोलतोय. संख्येचा नव्हे, पोलादाचा, टोकाशी वाकलेला. तिरळ्या डोळ्याचा स्नायू उचलून धरायला मला घडवलं. परभणीच्या एका दवाखान्यात, ऑपरेशनच्या ट्रेमध्ये मी राहतो.

अख्खं माणूस मला कधी दिसत नाही. हिरव्या कापडाच्या भोकातून एक डोळा दिसतो. उघडा, पण कुणालाच न पाहणारा. मी स्नायू ओढला की कधीकधी मुलाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. यंत्राची टिकटिक लांबते. मी सैल झालो की ठोके परततात. या ताकदीची मला भीती वाटते.

शिवरंजनी राणीसावरगावची, पहिलीतली. तपासण्या ठीक होत्या. डॉक्टर अर्पितांनी स्नायू कापला आणि रक्त आलं. ते येतंच, जरा दाबलं की थांबतं. हे थांबेना. कापूस दाबला, तापलेल्या टोकाने शिरा डागल्या. कापूस उचलला की पुन्हा तेच, पातळ, गुपचूप. त्याला गोठणं ठाऊकच नव्हतं. मग तो मिटता न येणारा डोळा हळूहळू पुढे येऊ लागला.

"डोळ्यामागे साचतंय. नजर जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "आजीला दाराशी बोलवा."

दार किलकिलं झालं.

"आजी, घरात कुणाचं रक्त थांबलं नाही, असं झालंय का?"

 आजी, भागम्मा, बाहेरूनच बोलली, "हिची आत्या. दात काढला, अन् रगत थांबलंच न्हाई. त्यातच गेली."

"मी आधी विचारलं होतं ना?"

"सांगितलं असतं तर पोरीला उद्या सून म्हणून कोन करून घेतलं असतं, बाई? डोळा बी त्याच्यासाठीच सरळ करायलोत."

डॉक्टरांनी डोळ्याचा कोपरा कापून दाब मोकळा केला. रक्तपेढीतून रक्त गोठवणाऱ्या पिवळसर द्रवाच्या पिशव्या आल्या. त्या चढत होत्या तोवर मी त्या कोमट रक्तातच होतो. शेवटी ते दाटलं, थांबलं. नजर वाचली.

पुढे तिच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी रक्त गोठण्याचं औषध आधीच दिलं होतं. एक थेंब आला आणि जागीच थिजला.

आता मला हातात घेण्याआधी डॉक्टर स्वतः दाराशी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारतात. आज टेबलावर झरी गावचा एक मुलगा झोपलाय. डॉक्टरांनी विचारलंय, आणि त्याची आई अजून काहीच बोललेली नाही.

बाई, असेल ते सांगून टाका. मी अजून कोरडा आहे.