आधी लिहिलेले आकडे

प्रयोगशाळेत सगळे त्याला काटा म्हणत, कारण त्याची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. एसी पॉवर सोर्स, म्हणजे सांगाल तेवढा करंट देणारी ती जडशीळ पेटी, कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, आली की प्रत्येक टप्प्यावर तिला स्थिरावायला पंधरा मिनिटं द्यावी लागत, आणि तेवढा वेळ नुसतं बसून राहणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून पेटीला जोडलेला मीटर काय दाखवील ते तो तक्त्यात आधीच पेन्सिलीने लिहून ठेवी आणि मग खरा आकडा बघून वर शाई फिरवी. पुढे पुढे हात इतका बसला, की शेवटचे दोनतीन रकाने तो मीटरकडे न बघताच भरू लागला. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आज मात्र तसं करायचं नाही, असं त्याने मनाशी घट्ट ठरवलं होतं. समोरची पेटी ज्या दवाखान्याची होती, तिथे उद्या ऑपरेशनच्या खोलीतली यंत्रं तिच्यावरच पारखली जाणार होती, आणि परवा त्याच खोलीत डॉक्टर त्याच्या बायकोचं हृदय उघडणार होते.

पाच अँपिअरच्या रकान्यात त्याने सवयीने पेन्सिलीने ५.००२ लिहिलं. पंधरा मिनिटांनी मीटरवर ५.००२. दहाला १०.००४ लिहिलं, १०.००४ आलं. वा रे पठ्ठ्या, म्हणून तो स्वतःशीच हसला. पंधरालाही लिहिल्याबरहुकूम १५.००७ आलं तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं, कारण मीटरवरचा शेवटचा आकडा कधीच गप्प बसत नाही, सहा, आठ, सात अशी त्याची चुळबुळ चालूच असते, आणि इथे तो कोरल्यासारखा उभा होता. त्याने वायरी सोडवून पुसल्या, मीटर बदलला, दोनदा उठून पाणी पिऊन आला. तेच. शेवटी वीस अँपिअरच्या रकान्यात त्याने मुद्दामच वेडगळ आकडा टाकला, १८.३००. मीटर एकोणीस, साडेअठरा करत उतरत आला आणि १८.३००वर थांबला.

ते खोडून त्याने २०.००९ लिहिलं, तसा मीटर निमूटपणे वर चढला.

त्याने साहेबांना हाक मारली. साहेब चष्मा सावरत वाकले. "वीस पूर्णांक शून्य शून्य नऊ. झकास आहे की! अडलं कुठे?"

"मी लिहीन तेच येतंय, साहेब."

"मग नीट लिही, बाबा. घरच्या काळजीने डोकं चालेनासं झालंय तुझं. आज पेटी गेली नाही तर परवाची ऑपरेशनं महिनाभर पुढे जातील. तेवढा वेळ आहे का वहिनींना?"

नव्हता. काट्याने शाई फिरवून सही केली. पेटी खरी की खोटी हे आता कधीच कळणार नाही, या विचाराने त्याचा जीव नुसता कासावीस झाला.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत तो बायकोच्या खाटेशी बसला खरा, पण बूड एका जागी टिकेना.

"अहो, बसा की स्वस्थ. ऑपरेशन माझं आहे का तुमचं?" ती म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर आल्या, पायथ्याचा तक्ता काढून भराभर लिहू लागल्या. नाडीला त्यांनी हातही लावला नव्हता.

"उद्याचंही आत्ताच लिहिताय?" त्याने विचारलं.

"यांचे आकडे पाठ झालेत हो मला," त्या ओशाळून हसल्या. "सकाळी इथे डोकं वर काढायला फुरसत नसते." कुणीतरी बाहेरून हाक मारली, तशा तक्ता अर्धवट भरलेलाच अडकवून त्या निघून गेल्या.

तो उठून वाकला. दाखल झाल्यापासून प्रत्येक रकान्यात नाडी बहात्तर. एकदाही एकाहत्तर नाही की त्र्याहत्तर नाही. उद्या दुपारी बारापर्यंत बहात्तर. पुढे कोरं.

बायकोचं मनगट हातात घेऊन ठोके मोजायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने खिशातली पेन्सिल काढली. दुपारी चारला बहात्तर, रात्री आठला बहात्तर, परवा सकाळी बहात्तर, ऑपरेशनच्या वेळी बहात्तर.

"अहो, काय लिहिताय एवढं?"

"काही नाही. तू पड."

पानाचा शेवटचा रकाना भरला. त्याने पान उलटलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काळजीपूर्वक रेघा आखायला घेतल्या.